आधी बाजूला, मग ताटात



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १३.

श्लोक पाठ असेल तर एकदा मनात म्हणून घ्या, नसेल तर पोथी उघडा. अर्थ सोपा आहे, पण बोचतो. यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन सगळ्या पापांतून सुटतात; जे फक्त स्वतःसाठी शिजवतात, ते पापच खातात. भगवंत इथे चोरी-लबाडीबद्दल बोलत नाहीत. रोजच्या स्वयंपाकाबद्दल बोलताहेत. आपल्या गॅसवर आत्ता शिट्ट्या देत असलेल्या कुकरबद्दल.

वरण-भात खाण्यात कसलं पाप, असं वाटणं साहजिक आहे. जुन्या धर्मशास्त्रात त्याचं उत्तर अगदी घरगुती आहे. चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच जागी गृहस्थाच्या हातून नकळत जीव मरतात, असं सांगितलंय. म्हणजे जेवण कितीही सात्त्विक असो, आपल्या ताटात येईपर्यंत कुणाचा तरी जीव, कुणाचे तरी श्रम त्यात गेलेले असतात. पुढच्याच श्लोकात भगवंत साखळी मांडतात : प्राणी अन्नातून, अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून आणि यज्ञ कर्मातून. या साखळीतून आपण फक्त घेत राहिलो, परत काहीच घातलं नाही, तर त्याला बाराव्या श्लोकात सरळ चोर म्हटलंय. माऊलीही ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी सांगतात की अन्नाला साधी वस्तू समजू नका, ते ब्रह्मरूप आहे.

आज आपण या श्लोकातल्या एकाच शब्दावर थांबू. 'शिष्ट', म्हणजे उरलेलं.

आपणही उरलेलं वापरतोच की! महिन्याचा पगार येतो, ईएमआय जातो, भाडं जातं, एसआयपी जाते, हॉटेल, सिनेमा, ट्रेक होतो, आणि काही उरलं तर दान. भगवंतांनी हाच शब्द घेतलाय, पण क्रम उलटा ठेवलाय. आधी द्या. दिल्यावर उरेल ते तुमचं जेवण. आपल्या भाषेत सांगायचं तर कोडच्या ओळी त्याच दोन आहेत, 'देणे' आणि 'खाणे'. फक्त कोणती ओळ आधी रन होते त्यावर आउटपुट ठरतं. एका क्रमात यज्ञ होतो, दुसऱ्या क्रमात उष्ट्याचं वाटप.

हे लिहायचं कारण म्हणजे आमचं महिन्याचं पॉटलक. काहींनी त्याबद्दल विचारलं होतं. आम्ही पुण्यातले आठ-नऊ घरांचे मित्र. दर महिन्याच्या एका शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी जमतो, प्रत्येक जण एक पदार्थ करून आणतो. दर महिन्याला थीम असते. एकदा आजीच्या हातचं, एकदा नाचणी-वरईचं, श्रावणात कांदा-लसणाशिवाय, एकदा फक्त खानदेशी. जेवणाआधी प्रत्येकाने काही पैसे द्यायचे. ते पैसे भीमाशंकरच्या वाटेवरच्या वाड्यांमधल्या शाळकरी मुलांसाठी जातात.

पॉटलक हा शब्द बाहेरचा आहे, रीत आपलीच. शाळेत डबे उघडून केलेली अंगत-पंगत आठवा. आई-मावशीची भिशी आठवा, दर महिन्याला वेगळं घर, ठरलेली रक्कम आणि गरम गरम साबुदाणा वडे. आणि भीमाशंकरच्या डोंगरात, आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी गावांमध्ये 'पडकई' नावाची रीत आहे. डोंगरउताराला बांध घालून भातखाचरं तयार करायची, हे एका घराला पेलणारं काम नाही. म्हणून मिळून करायचं. आज याच्या उतारावर सगळे, उद्या त्याच्या. आळीपाळीने घर बदलतं, हात तेच राहतात. आमचं शनिवारचं आवर्तन त्या कष्टापुढे काहीच नाही, पण धागा तोच आहे असं मला वाटतं.

आता मूळ मुद्दा. पहिल्याच महिन्यात एका मित्राने हिशोब मांडला. समजा, प्रत्येक घराने पदार्थावर ८०० रुपये खर्च केले आणि डब्यात ५०० टाकले, तर हे दान कसलं? त्यापेक्षा प्रत्येकाने घरी खिचडी खावी आणि १,३०० रुपये सरळ यूपीआयने पाठवावेत. दोन मिनिटांचं काम.

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याला भक्तीचं गोड उत्तर देऊन चालत नाही. पदार्थावरचा खर्च दानाहून मोठा होत असेल तर आपण स्वतःसाठीच शिजवतोय, वर सत्कर्माची कोथिंबीर भुरभुरतोय. तेराव्या श्लोकाचा दुसरा अर्धा भाग आपल्यासाठीच आहे मग. म्हणून तेव्हाच तीन नियम ठरले. एक, पदार्थ घरातल्या शिध्यातून करायचा, थीमसाठी महागडं सामान आणायचं नाही. दोन, पैशांचा डबा देवघराशेजारी ठेवायचा, त्यावर कापड टाकायचं आणि पहिलं ताट वाढण्याआधी प्रत्येकाने तिथे जाऊन यायचं. तीन, कुणी किती टाकले हे कुणी पाहायचं नाही, विचारायचं नाही, ग्रुपवर लिहायचं नाही. फक्त एकूण रक्कम लिहायची.

हे 'आधी बाजूला' आपल्या घरांना नवीन नाहीच. वैश्वदेव, गोग्रास, काकबळी, ताटाभोवती घातलेल्या चित्राहुती, सगळ्यांत क्रम हाच. पहिला घास आपला नाही. आणि देवघराबाहेर, समाजात हा क्रम कुणी उभा केला असेल तर तो कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. मग साताऱ्याला वसतिगृह झालं, तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. त्या मुलांना जेवू घालायचं कसं? त्यासाठी 'मुष्टी फंड'. घरोघरच्या बायांनी रोजच्या धान्यातून एक मूठ वसतिगृहासाठी बाजूला ठेवायची. एका मुठीने कुणाच्या घरात कमी पडत नाही, पण शंभर घरांच्या मुठींवर मुलं शिकतात. त्या मुठी अपुऱ्या पडल्या तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊराव काही गीतेवर प्रवचनं देत फिरत नव्हते. पण मूठ शिजवण्याआधी निघायची, जेवणानंतर नाही, हे लक्षात घ्या.

तरी मित्राचा अर्धा प्रश्न उरतोच. नियम पाळले तरी जमायचं कशाला? यूपीआय आहेच की.

याचं उत्तर आम्हाला कुणी पोथीतून काढून दिलं नाही. मागे आमच्यातल्या एकाची नोकरी गेली. आयटीत हल्ली हे कुणालाच नवीन नाही. सकाळी लॅपटॉप लॉगिन होत नाही आणि कळतं. तो तीन महिने ग्रुपवर "या वेळी जमणार नाही रे" एवढंच लिहीत होता. चौथ्या महिन्यात ज्यांच्या घरी जमायचं होतं त्या वहिनींनी त्याला फोन केला. म्हणाल्या, "तू पैसे आणतोस म्हणून तुला बोलावतो का आम्ही? भाताचा कुकर लाव आणि ये. भात कुणीच आणत नाहीये." तो आला, कुकर घेऊन. कापडाखालच्या डब्यात त्याने काय टाकलं, काही टाकलं की नाही, हे आजही कुणाला माहीत नाही.

फक्त यूपीआय असतं तर त्या चार महिन्यांत त्याचं नाव यादीतून आपोआप गळलं असतं आणि आम्हाला कळलंही नसतं. निधी गोळा करायला देणारे लागतात. यज्ञाला आहुती लागते, आणि आहुती मूठभर तांदळाचीही चालते. भगवंतांनी या श्लोकात रक्कम कुठे सांगितलीय? त्यांनी क्रम सांगितलाय. ज्याच्याकडे काहीच नाही असं त्याला स्वतःला वाटतंय, त्यालाही देणाऱ्यांच्या पंगतीत बसवता येतं, हे एकत्र जेवल्याशिवाय घडत नाही.

पुढे झालं असं की शनिवार-रविवार सोडून इतर दिवशी मोकळा असलेला आमच्यात तोच एक होता. आम्ही आपले ब्लँकेट द्यायचं ठरवत होतो. तो मंचर-घोडेगावमार्गे वर जाऊन एका शाळेतल्या गुरुजींना भेटून आला. गुरुजी म्हणाले, "ब्लँकेटं सगळेच देतात हो. फळ्यावरचं दिसत नाही अशी पोरं आहेत, त्यांचे डोळे तपासा." मग चष्म्यांचं काम सुरू झालं आणि ते त्यानेच सांभाळलं. त्या महिन्यांत आमच्यापैकी सर्वांत जास्त कुणी दिलं असेल तर नोकरी नसलेल्या माणसाने. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला योग्य देश, योग्य काळ आणि योग्य पात्र लागतं असं म्हटलंय. आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते बाजूला ठेवून समोरच्याला काय हवंय हे विचारायला जाणं, हा त्याचा आजचा अर्थ घ्यायला हरकत नाही.

'दर महिन्याला' हा शब्दही महत्त्वाचा आहे. शास्त्रात नित्य आणि नैमित्तिक अशी दोन कर्मं सांगतात. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. अशा वेळी हात आपोआप खिशाकडे जातो, जायलाच हवा. ते नैमित्तिक. पण दिसत नसलेल्या फळ्याची बातमी होत नाही. तो प्रश्न दर सोमवारी सकाळी शाळा भरली की असतोच. त्याला नित्यकर्मच लागतं, संध्येसारखं, मनाला उत्साह असो वा नसो. थीम, गप्पा, गाणी यांचा उपयोग एवढाच की पुढच्या महिन्यातही पाय तिकडे वळावेत.

शेवटी एक आठवण देतो आणि थांबतो. भीमाशंकरला भीमा नदी उगम पावते. त्रिपुरासुराशी लढून थकलेल्या महादेवाच्या घामातून ती निघाली, अशी कथा आहे. देवाच्या श्रमाचीच नदी ती! तीच पुढे पंढरपूरला चंद्रकोरीसारखं वळण घेते आणि आपण तिला चंद्रभागा म्हणतो. तिथे आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, तेव्हा वारी पूर्ण होते. काल्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कृष्णाने सगळं एकत्र कालवलं. कुणाचं दही, कुणाचे पोहे, कुणाची शिळी भाकरी, काही ओळखू येत नव्हतं. देणाऱ्याचं नाव पुसलं गेलं तेव्हाच त्याचा प्रसाद झाला. आपल्या टेबलावर "हे कुणी केलंय?" हा प्रश्न राहू दे, रेसिपी मागायला लागतोच. कापडाखालच्या डब्यात मात्र काला व्हावा.

आजचा संकल्प : आज रात्री जेवायला बसण्याआधी एक रिकामा डबा देवघराशेजारी ठेवा. मूठभर तांदूळ किंवा दहा रुपये, जे सहज निघेल ते त्यात घाला आणि मगच ताट वाढून घ्या. महिनाभर हा क्रम चुकवू नका. महिन्याच्या शेवटी डबा एकट्याने उघडू नका, चार जणांना जेवायला बोलवा आणि त्यांना सांगा, येताना एक पदार्थ आणा. आणि नुकतीच ज्याची नोकरी गेलीय, त्याला फोन पहिला करा.

भीमाशंकरा, आमच्या ताटातलं पहिलं तुझं, उरलेलं आमचं, एवढी बुद्धी दे.

॥ हर हर महादेव ॥