अनिकेत: घर नसलेला की घर देणारा?



आजचं वाचन गीतेच्या बाराव्या अध्यायातलं, श्लोक १९. आवडत्या भक्ताची लक्षणं सांगताना भगवंत एक शब्द वापरतात, 'अनिकेत'. निकेत म्हणजे घर. ज्याचं मन घरात अडकलेलं नाही, तो अनिकेत. मी गडचांदूरचा. आमचं गाव सिमेंटवर चालतं, म्हणजे दुसऱ्यांची घरं बांधण्यावरच! त्यामुळे या शब्दापाशी मी थांबतोच.

ग्रीसमध्ये इ.स.पूर्व चौथ्या शतकात डायोजिनिस नावाचा तत्त्वज्ञ होता. अथेन्समध्ये तो मातीच्या मोठ्या रांजणात राहायचा. एका मुलाला ओंजळीनं पाणी पिताना पाहून त्यानं स्वतःचा प्यालाही फेकून दिला, असं सांगतात. अलेक्झांडर म्हणाला, काय हवं ते माग. तर हा म्हणे, जरा बाजूला हो, ऊन अडवतोयस. गरजा संपल्या की भीती संपते, हा त्याचा विचार. आपलं मिनिमलिझम यापुढे फारच सौम्य.

आपल्या विदर्भातही मातीचं भांडं घेऊन फिरणारा एक अनिकेत होऊन गेला. गाडगेबाबा. जन्म १८७६, शेंडगाव. १९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि खराटा. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र घर नाही.

डायोजिनिसची पायरी आधी लागतेच. ज्याची स्वतःची हाव सुटली नाही, त्याच्या हाती लोकांचा पैसा कोण देईल? पण तिथेच थांबलं, तर 'मला काही नको' याचं 'मला कुणाचं काही नको' कधी होतं, ते कळतही नाही. खोली मोकळी होते आणि घरच्यांचे फोनही नकोसे वाटतात. बाबांनी घर सोडलं तेव्हा मागे बायको-मुलं होती, हेही विसरू नये. त्याग एकाचा असला तरी झळ दुसऱ्यालाही लागते.

म्हणून मला भक्ताच्या लक्षणांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. अनिकेत १९ व्या श्लोकात येतं. मैत्री आणि करुणा त्याआधीच, १३ व्या श्लोकात.

आमच्याकडे सकाळी अंगण झाडलं तरी दुपारपर्यंत धूळ परत येते. झाडणारा हात फाटकाशी थांबतो. बाबांचा खराटा फाटकाबाहेर सुरू व्हायचा.

आज एखादी गोष्ट सोडायची ठरवलीत, तर ती कुणाच्या कामी येईल, तेही ठरवा.

राम कृष्ण हरी!