हवेवर जगणारे

बी.कॉम. झाल्यापासून माझा वनस्पतिशास्त्राशी संबंध पालेभाजीपुरताच उरला होता. अशात मेव्हण्याने एक करड्या पानांचं रोपटं आणून दिलं. नाव टिलँडशिया. "माती नको, कुंडी नको. हवेवर जगतं, भावोजी!" पैसे न काढणारा ठेवीदार आणि काही न मागणारं रोप, दोन्ही मला फार आवडतात. मी ते फडताळावर ठेवलं आणि निर्धास्तपणे विसरलो.

दोन महिन्यांनी त्याची पानं आत वळली, टोकं करपली. मेव्हणा म्हणाला, "पाणी कधी दिलंत?"

"हवेवर जगतं म्हणालास ना!"

मग कळलं ते असं. हे अमेरिका खंडातलं, अननसाच्या कुळातलं रोप. मुळं फक्त झाड धरून ठेवायला. पाणी पितात ती पानांवरची बारीक खवलं. आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं पाण्यात बुडवायचं, मग उलटं करून झटकायचं आणि वाळवायचं. पाणी आत साचलं तर कुजतं. पाण्याला भिणाऱ्या टिलँड्झ नावाच्या डॉक्टरवरून लिनियसने याचं नाव ठेवलं, कारण या रोपालाही पाणी आवडत नाही अशी त्याची समजूत होती म्हणे. एवढा मोठा शास्त्रज्ञ जिथे चुकला, तिथे मी तर साधा कारकून!

आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "अरे, हवेवर कुणी जगत नसतं. काही जण मागत नाहीत, एवढंच."

मी गप्प झालो. कमी मागणाऱ्याचा हक्कही कमी असतो का? आमच्या बँकेत दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही, की खातं 'निष्क्रिय' ठरतं. खातेदार जिवंत आहे की कसा, हे आम्ही बघायला जात नाही. दर दिवाळीला मी आईला विचारतो, "तुला काय आणू?" ती म्हणते, "मला काही नको रे." वीस वर्षं हा ठराव मी बिनविरोध मंजूर करत आलो. अर्ज आल्यावर मंजुरी देणं सोपं असतं; अर्जच नसेल तर मान वर करून बघावं लागतं.

मी मान वर केली. आईच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. दोरासुद्धा जुना झाला होता.

नवा चष्मा आणला तेव्हा "उगाच खर्च!" म्हणाली, आणि सबंध पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचून काढला. हल्ली दर रविवारी रोप पाण्यात असतं, तेवढी वीस मिनिटं मी आईजवळ बसतो. रोपाचं अजून नक्की सांगता येत नाही. आई मात्र परवा आपण होऊन म्हणाली, "येताना थोडी बडीशेप आण."

इतक्या वर्षांत तिच्या खात्यावर झालेला हा पहिला व्यवहार.