दप्तर कोणाचे?

जुना कागद जतन करणे हे पुण्यकर्म होय, हा संस्कार आम्हां महाराष्ट्रीयांच्या मनावर इतिहासाचार्य राजवाडे यांच्या काळापासून दृढ झाला आहे. वाळवी लागलेल्या रुमालांतून इतिहास सोडविणारा पुरुष आम्हांस वंद्य वाटतो, आणि कागद जाळणारा पातकी वाटतो. हा संस्कार इष्टच आहे. परंतु ज्याचे दुःख कागदावर उतरले, त्यानेच तो कागद नष्ट व्हावा अशी इच्छा धरली तर काय करावे? कॅनडा देशात हा प्रश्न प्रत्यक्ष न्यायासनापुढे आला होता.

त्या देशातील मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत, निवासी शाळांत घातली गेली. शाळा सरकारच्या पैशाने आणि बहुतांशी ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या हातून चालत. मातृभाषा तोंडातून निघाली तर शिक्षा होई. मुलांस आईबापांपासून तोडावे, हा त्या शिक्षणाचा हेतूच होता. तेथे ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्यांना भरपाई देण्यासाठी २००६ सालच्या करारान्वये खासगी सुनावण्या झाल्या. ३८ हजारांहून अधिक अर्ज आले. स्वतःच्या मुलाबाळांपाशीही जे कधी उच्चारले नव्हते, ते कित्येकांनी तेथे सांगितले. आणि ते गुप्त राहील या वचनावर सांगितले.

पुढे या साक्षींचे काय करावे, यावर वाद माजला. सरकार म्हणे, हे आमचे दप्तर. सत्यशोधन करणारा आयोग म्हणे, हे राष्ट्राच्या स्मृतीचे धन, ते राखलेच पाहिजे. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला तो असा : पंधरा वर्षांच्या मुदतीत ज्याची साक्ष त्याने संमती दिली, तर ती विनिपेग येथील राष्ट्रीय केंद्रात जतन व्हावी, एरवी ती नष्ट करावी.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो क्षुल्लक नाही. साक्ष गेली की अपराध्याचे नावही गेले. ज्यांनी काहीच न कळविता देह ठेवला, त्यांचा शब्द त्यांच्यामागून जाईल. उद्या कोणी म्हणाला की असे काही घडलेच नाही, तर त्यास काय दाखवावे?

तथापि हा आक्षेप चुकीच्या दारी उभा आहे, असे आम्हांस वाटते. दप्तरे दोन जातींची असतात. एक सत्ताधाऱ्याचे : हजेरीपट, पत्रव्यवहार, मृत्यूच्या नोंदी. दुसरे, पीडिताने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीचे. पहिले नष्ट करण्याचा अधिकार कोणासही नाही. कारण सत्ता प्रजेस जाब देण्यास बांधलेली आहे. दुसऱ्यावर पहिला हक्क सांगणाऱ्याचा. व्यवहारात मात्र उलट घडत आले. त्याच सरकारच्या खात्याने १९३६ ते १९४४ या काळात सुमारे दोन लाख फायली नष्ट केल्या. आणि उरलेले कागद आयोगाच्या हाती पडावेत म्हणून २०१३ साली न्यायालयास आज्ञा करावी लागली. ज्याने स्वतःचे दप्तर जाळले, त्याने दुसऱ्याच्या जखमेचा दाखला मात्र आपल्या कपाटात ठेवू म्हणावे, यास इतिहासप्रेम कसे म्हणावे? पुरावा पुरविण्याचे ओझे घायाळ मनुष्याच्याच खांद्यावर का?

संमतीने स्मृती नष्टच होते, असेही नाही. व्हँकूव्हर बेटावरील अल्बर्नी येथील अशाच एका शाळेत रॉबर्ट अ‍ॅलर नावाचे चित्रकार १९६० च्या सुमारास मुलांना चित्रे काढावयास शिकवीत. ती चित्रे त्यांनी जपली. त्यांच्या पश्चात ती व्हिक्टोरिया विद्यापीठाकडे आली. आपणांस संग्रह लाभला, असे म्हणून विद्यापीठ स्वस्थ बसले असते, तर कायद्याने त्यास कोणी दोष दिला नसता. परंतु तेथील मंडळींनी चित्रकारांचा शोध घेतला, आणि २०१३ साली, आता वृद्ध झालेल्या त्या मुलांच्या हाती, समारंभपूर्वक, त्यांची चित्रे परत दिली. त्यानंतर त्यांच्यापैकी कित्येकांनी ती आपण होऊन प्रदर्शनासाठी दिली.

हिरावून घेतलेले जतन करणे आणि सोपविलेले जतन करणे, यांत ठेवीचा आणि लुटीचा भेद आहे. दप्तरखान्याची खरी श्रीमंती रुमालांच्या संख्येवरून मोजू नये; मागितले असता परत देण्याची त्याची किती तयारी आहे, यावरून मोजावी.