खाटेपासून दूर नेणारी बढती

आपल्याकडे चांगल्या नर्सला बक्षीस म्हणून रुग्णापासून दूर नेलं जातं. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका ही सरकारी रुग्णालयातली शिडी. दर पायरीला खाट एक हात मागे सरकते आणि रजिस्टर एक हात पुढे येतं. दुसरी वाट पोस्ट बेसिक बी.एस्सी., पुढे एम.एस्सी. करून कॉलेजात शिकवायला जाण्याची. म्हणजे जास्त शिकलेली वर्गात, जास्त मुरलेली ऑफिसात. रात्रपाळीला खाटेपाशी बहुधा नुकत्याच रुजू झालेल्या मुली.

नेतृत्व म्हणजे नेमकं काय, ते सकाळच्या ओव्हरच्या, म्हणजे पाळी सोपवण्याच्या वेळी दिसतं. रात्रीची सिस्टर एकेक खाट सांगत पुढे जाते: सात नंबर, रात्री दोनपासून लघवी कमी, बीपी ठीक. इनचार्ज, म्हणजे परिसेविका, थांबते. चार्ट उलटा चाळते, रुग्णाचे पाय दाबून बघते, निवासी डॉक्टरला निरोप धाडते. मग ड्युटी लावताना त्या खाटेची नवशिकी मुलगी बदलून तिथे हात बसलेली देते. सगळं दोन-तीन मिनिटांत. हीच इनचार्ज दुपारी चादरी मोजते, औषधांचा इंडेंट भरते, डेड स्टॉक रजिस्टरात मोडक्या सलाइन स्टँडचा हिशोब लावते. वरिष्ठांची भेट असली की विचारणा होते ती चादरींची. सात नंबरचं कुणी विचारत नाही.

सततच्या शिक्षणाची सोय नाही, असं नव्हे. भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांत १५० तासांचं निरंतर शिक्षण नोंदणीच्या नूतनीकरणाशी जोडण्याचं ठरवलं. हेतू चांगलाच. पण तास मोजले की तासच जमतात. रात्रपाळी उतरून आलेली सिस्टर सभागृहात डुलक्या घेत बसते, संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन घरी जाते. तिने दुसऱ्या दिवशी वॉर्डात काय बदललं, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

शिक्षणाने फरक पडतो का? ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ साली लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा युरोपातल्या नऊ देशांमधल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला. पदवीधर नर्सांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली; नर्समागे एक रुग्ण वाढला की ती ७ टक्क्यांनी जास्त. पदवीमुळेच माणसं वाचली, हे यातून सिद्ध होत नाही. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट कळते: एकीला शिकायला पाठवून तिचे रुग्ण उरलेल्या दोघींवर टाकायचे, हा आपला नेहमीचा तोडगा एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेण्यातला आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानभाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. इतकी वर्षं बेडसोअर होऊ दिला नाही, याची दखल त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालातही आहे. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकारही न्यायालयाने रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचाच मानला. कूस कधी बदलायची, भरवायचं कसं, हे एका पिढीने दुसरीला खाटेपाशीच शिकवलं असणार. त्या शिकवणीचे तास कोणत्या रकान्यात बसवायचे?

एक प्रयत्न मात्र मला योग्य दिशेचा वाटतो. परिषदेने क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. त्यातला बहुतेक वेळ आयसीयूतच राहून शिकायचं. खाट न सोडता वर चढण्याची ही वाट. अडचण पुढची आहे: शिकून आलेल्या मुलीला रुग्णालयाच्या आकृतिबंधात त्या नावाचं पद आणि त्या पदाची वेतनश्रेणी नसेल, तर ती पुन्हा स्टाफ नर्सच. मग तिने परदेशाची परीक्षा दिली, तर तिला कोणत्या तोंडाने बोलायचं? परिचर्या परिषदेच्या १९४७च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ साली झाला. पण कायद्याने पदं आपोआप निघत नाहीत, त्यासाठी वित्त विभागाची सही लागते.

तोवर एक बिनखर्चाचं काम करता येईल. परिसेविकेच्या गोपनीय अहवालात एक रकाना वाढवावा: वर्षभरात तिच्या हाताखालच्या किती जणी कोणतं नवं काम स्वतंत्रपणे करू लागल्या? तो भरायचा कुणी, यावर वाद होईल. डॉक्टरांनी भरू नये, एवढं माझं मत.