मंडळी आणि कंपाऊंड

"मिरजेला न्या."

सांगली-साताऱ्यापासून बेळगाव-विजापूरपर्यंतच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या हे दोन शब्द ऐकले गेले. घरातलं दुखणं हाताबाहेर गेलं की वडीलधारं माणूस ते बोलायचं आणि बैलगाडी जुंपली जायची. मिरजेत कुठं न्यायचं, हे सांगावं लागत नसे. त्या दोन शब्दांत एक चर्च दडलेलं होतं. पण बोलणाऱ्याच्या मनात चर्च नसायचं; आपलं माणूस वाचेल का, एवढंच असायचं. सेवेबद्दल काही बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं, कारण सेवा करणाऱ्याचं नाव मागे पडून फक्त गावाचं नाव उरणं ही साधी गोष्ट नाही.

डॉ. विल्यम वानलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे तरुण डॉक्टर 1889 मध्ये सांगलीत आले. त्यांनी तिथं छोटा दवाखाना उघडला आणि पुढे मुक्काम मिरजेला हलवला. 1894 मध्ये इस्पितळ उभं राहिलं. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली. पैसा दिला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे ते एक भागीदार होते. म्हणजे जमीन हिंदू राजाची, पैसा सातासमुद्रापारच्या ख्रिस्ती कारखानदाराचा आणि रोगी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या गावातले, सगळ्या जातीधर्मांचे. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे दूरदूरचे लोक गाडीतून उतरून थेट तिकडेच चालू लागत.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वानलेस धर्मप्रसारासाठी आले होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. इस्पितळात प्रार्थना होत, सुवार्ता सांगितली जाई. "मग ही सेवा कसली, हा तर सौदा," असं म्हणणारे तेव्हा होते, आजही आहेत. हा आक्षेप मी हलका मानत नाही. दुखण्यानं गांजलेला माणूस 'नाही' म्हणायच्या अवस्थेत नसतो, म्हणून त्याच्यापुढे ठेवलेली प्रत्येक गोष्ट दुप्पट काळजीनं ठेवायला हवी. पण मिरजेचा अनुभव त्या आक्षेपालाही उत्तर देतो. तिथं आलेले असंख्य रोगी बरे होऊन आपल्या देवाकडे, आपल्या पंढरीकडे, आपल्या पिराकडे परत गेले. इस्पितळाचं दार त्यांच्यासाठी पुढच्या वेळीही उघडंच होतं. घेणाऱ्याला काहीही न बदलता परत जाता येतं का, ही सेवेची पहिली कसोटी. या कसोटीवर मिरज उतरलं, असं मी मानतो.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे: घेणाऱ्याला स्वतः बोलता येतं का? बायबलमधली शोमरोन्याची गोष्ट ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक असते. लुटारूंनी झोडपून टाकलेल्या वाटसरूला याजक ओलांडून जातो, मंदिराची सेवा करणारा लेवी ओलांडून जातो आणि ज्याला लोक हलका समजत तो शोमरोनी थांबतो. जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो, जास्त खर्च झाला तर परत येताना भरीन म्हणतो आणि आपल्या वाटेला लागतो. तो जखमी माणसाच्या उशाशी उपकाराची आठवण म्हणून बसून राहत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पण ही गोष्ट वाचताना एक बोच राहते. जखमी माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षरही बोलत नाही. बरा झाल्यावर तो काय म्हणाला? त्याला आपल्याला वाचवलेलं कसं वाटलं? सेवेच्या बहुतेक गोष्टींत असंच होतं. बोलतो तो देणारा. घेणारा मुका राहतो.

मिरजेत या मुकेपणावर एक उपाय झाला आणि मला तो शस्त्रक्रियांहून मोठा वाटतो. 1897 मध्ये वानलेसांनी तिथं वैद्यकाची शाळा काढली, परिचारिकांचंही शिक्षण सुरू केलं. इथली मुलं डॉक्टर होऊन बाहेर पडू लागली. नर्सिंगचं तर विशेषच. परक्याचं मलमूत्र काढणं, परपुरुषाच्या जखमा धुणं हे काम त्या काळी 'चांगल्या घरच्या' बायका करत नसत. ते शिकायला पुढे आलेल्यांत गावकुसाबाहेरून ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या मुली होत्या. ज्यांच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, त्यांच्याच हातून गाव आता औषध घेत होतं. खाटेवर पडलेल्या माणसाला तहान लागली की तिथं विटाळाचा हिशेब फार वेळ टिकत नाही. 'सिस्टर' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत आदरानं घेतला जातो, त्याच्या मुळाशी या मुलींचे हात आहेत. कालपर्यंत जी घरं मिशनकडून घेत होती, त्याच घरांतली लेक आज देणारी झाली होती.

असेच हात सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत इतरत्रही राबले. वाईसारख्या वेदशास्त्रांच्या गावात मिशन हॉस्पिटल रुजलं. मिरजेत महारोग्यांसाठी वेगळं रुग्णालय उभं राहिलं. पाचगणीचं बेल एअर क्षयरोग्यांसाठी सुरू झालं, ते रेड क्रॉसकडे आलं. पुढे कॅथलिक धर्मगुरूंनी त्याचा कारभार पाहिला आणि घरच्यांनी टाकलेल्या एचआयव्हीबाधितांना तिथं जागा मिळाली. सांगली-मिरजेच्या मधल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाच्या वस्तीला लोक वानलेसवाडी म्हणू लागले. कॅनडात जन्मलेल्या माणसाच्या नावाला 'वाडी' जोडून त्याला आपल्या भावकीत घेणं, ही आपल्या लोकांची पावती देण्याची रीत आहे.

पण या कामाची दुसरी बाजू एका शब्दात सापडते. 'कंपाऊंड'. या भागातल्या कित्येक मोठ्या गावांत मिशनचं कंपाऊंड असायचं. त्याची गरज होती, हे आधी मान्य करायला हवं. बाप्तिस्मा घेतला की विहीर बंद व्हायची, घर सुटायचं, भावकी पाठ फिरवायची. अशा माणसाला भिंतीच्या आत निवारा मिळाला. पण निवारा देणारी भिंत हळूहळू नुसती भिंतच उरते. आतला माणूस बाहेरच्यांना परका झाला आणि आत मिशनचा साहेब मायबाप झाला. पगार साहेबाचा, घर साहेबाचं, मुलाची शाळा साहेबाची. ज्याच्या हातात सगळं आहे त्याच्याशी बरोबरीनं कसं बोलायचं? साहेब कितीही प्रेमळ असो, त्याचं प्रेमही वरूनच खाली येणार.

हे ज्याला सोसवलं नाही आणि जो गप्प बसला नाही, तो माणूस साताऱ्याचा. म्हणजे आयुष्याच्या अखेरीला साताऱ्याचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत भेटलेले टिळक आपल्याला आठवतात, पण 1917 चे टिळक फार थोड्यांना ठाऊक आहेत. पंचावन्न वर्षांचं वय, साऱ्या महाराष्ट्रात नाव. मिशनची नोकरी आणि पगार सोडून ते साताऱ्यात आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. दरबार कोणाचा? बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांचा. ज्याला ख्रिस्त आवडतो पण आपली माणसं, आपले आचार सोडवत नाहीत, त्यालाही इथं जागा होती.

ही कल्पना टिळकांना पुस्तकातून सुचली असेल असं मला वाटत नाही. ती त्यांनी आपल्या घरात भोगली होती. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली वर्षं ताटातुटीची. आणि एकत्र आल्यावरही काही काळ नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात, वेगळी चूल मांडून. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ते दिवस विसरता येत नाहीत. दोन श्रद्धांच्या माणसांनी एका छपराखाली एकमेकांना कसं सांभाळायचं, याचा धडा टिळकांनी तिथं गिरवला होता. साताऱ्यातला दरबार म्हणजे त्याच घराचा मोठा केलेला उंबरा.

दरबार फार दिवस चालला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक गेले. संस्था म्हणून मोजायला बसलं तर हाती फारसं लागत नाही. मिरजेसारखी इमारत नाही, खाटा नाहीत. पण शोमरोन्याच्या गोष्टीतला जो माणूस मुका राहिला होता, तो साताऱ्यात बोलला. मला मदत नको असं तो म्हणाला नाही. मला शेजारी बसू द्या, म्हणाला.

मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला 'मंडळी' म्हणतात, आणि मला या शब्दाचं फार अप्रूप आहे. इमारतीला देऊळ म्हणा, चर्च म्हणा; माणसं ती मंडळी. हाच शब्द कीर्तनकार समोर बसलेल्यांना वापरतो, लग्नघरी पाहुण्यांना वापरतात, पंगतीत वाढपी वापरतो. पंगतीत "मंडळी, सावकाश होऊ द्या" म्हणताना कोणी जात विचारून घेत नाही, निदान विचारू नये. ज्या भाषेनं चर्चला इतका मोकळा शब्द दिला, तिथल्या चर्चनं कंपाऊंडपुरतं राहणं मला बरं वाटत नाही.

आज साहेब गेले. परदेशातून येणारा पैसा पूर्वीसारखा राहिला नाही. मोठी इस्पितळं चालवणं लहान मंडळ्यांच्या आवाक्यातलं नाही, आणि सरकारी-खासगी दवाखाने गल्लोगल्ली झाले. मग चर्चनं करायचं काय, असा प्रश्न तिथली मंडळीच विचारतात. कित्येक ठिकाणी सगळी ताकद जमिनीच्या वादांत आणि कोर्टाच्या तारखांत जाते, हे पाहून जीव तुटतो. जी जागा रोग्यांसाठी मागून घेतली होती, तिच्यावरून पाळक आणि पंच एकमेकांशी बोलेनासे होतात.

पण भोवती पाहिलं तर काम संपलेलं नाही. साताऱ्याच्या पेठांत, सांगलीच्या विश्रामबागेत एकेकटे म्हातारे राहतात. मुलं पुण्यात, काहींची अमेरिकेत. त्यांच्याकडे औषधाला पैसे असतात, संध्याकाळी दार वाजवणारं कोणी नसतं. पाळकांची घरभेट ही मराठी मंडळीतली जुनी, सुंदर चाल आहे. पाळक येतो, बसतो, चौकशी करतो, चार शब्दांची प्रार्थना करतो आणि चहा घेऊन उठतो. तिला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. शेजारच्या बिगरख्रिस्ती म्हाताऱ्याकडेही पाळकानं असंच जावं, त्याची इच्छा नसेल तर प्रार्थना न करता नुसतं बसावं, त्याचं गाऱ्हाणं ऐकावं. आणि पुढच्या खेपेला त्यालाच विचारावं, की आमच्या अमुक आजारी बाईंकडे तुम्ही याल का माझ्याबरोबर?

रविवारी उपासनेच्या ओघात सूचना होतात. अमक्याचं लग्न, तमक्याच्या घरी प्रार्थना, आणि आजाऱ्यांची नावं, ज्यांच्यासाठी मंडळीनं प्रार्थना करायची. ती बहुतेक सगळी मंडळीतलीच असतात. फाटकाबाहेर चहाची गाडी लावणाऱ्याची आई महिनाभर अंथरुणाला खिळलेली असते. चर्चमध्ये जाणारे-येणारे रोज त्याच्याकडे चहा पितात. त्याला विचारून, त्याला चालत असेल तर, तिचं नावही त्या यादीत घालता येईल. आणि उपासना सुटल्यावर दोघा-तिघांनी चालत जाऊन तिला भेटून यावं.