पित्याची फुरसद

वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःच्या मुलास कडेवर घेणे हा मर्यादाभंग होय, अशी समजूत आमच्या पांढरपेशा घरांतून कित्येक पिढ्या नांदली. लाड आजोबांनी करावेत, बापाने शिस्त लावावी. आज त्याच घरांतील बाप निजताना मुलास गोष्ट वाचून दाखवितो आणि न दाखविणाऱ्यास असंस्कृत समजतो. पूर्वीच्या बापांच्या ठायी माया कमी होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. रीत बदलली, पण तिच्याबरोबर फुरसदही वाढली, हे सोयिस्करपणे विसरले जाते.

ही फुरसद सर्वांच्या वाट्यास सारखी येत नाही. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरास मूल झाल्यावर 15 दिवसांची पगारी रजा मिळते. नंदुरबार जिल्ह्यातील ऊसतोड्यास ती कोण देणार? 2011 च्या शिरगणतीप्रमाणे या जिल्ह्यात शेकडा 69 लोक आदिवासी. त्यांपैकी अनेक कुटुंबे दिवाळीनंतर सुरत-बारडोलीकडे ऊस तोडावयास जातात. उचल आधीच घेतलेली असते आणि मजुरी टनावर मिळते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. तो तोडतो, ती पाला काढून मोळ्या बांधते. तान्हे बांधावर. त्यास उचलून घेण्यापुरती उसंतही टनाच्या हिशेबातून वजा होते. (त्याच उसाची साखर चहात ढवळीत आम्ही पितृधर्मावर लिहितो, हेही खरेच.)

गरिबीने बाप आपोआप मायाळू होतो, असा भाबडा पक्ष आम्ही घेत नाही. खोपीतली चूल बाईच्याच वाट्यास येते, आणि तान्ह्याला सांभाळणारे हात बहुधा थोरल्या बहिणीचे असतात, बापाचे क्वचितच. येथे दोष केवळ दारिद्र्याचा नव्हे, रूढीचाही आहे. आणि ही रूढी आमच्या दिवाणखान्यातील रूढीची सख्खी बहीण शोभते. मात्र फुरसद असूनही रूढीआड लपणारा आणि फुरसदच नसलेला, या दोघांस एकाच तराजूत घालणे अन्याय्य होय.

हंगामास निघण्यापूर्वी एखादा बाप सहा वर्षांच्या पोरास आश्रमशाळेत ठेवून येतो. पोर रडते, तो मागे न पाहता चालू लागतो. पाहणारे म्हणतात, किती निष्ठुर! बरोबर नेले असते तर त्या मुलाचे पहिले वर्ष उसाच्या फडात गेले असते, हे त्यास ठाऊक असते.