जळाली की जाळली?

इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्या इंग्रजी भाषिक कारागिरांत एक गमतीदार सिद्धांत फार वर्षांपासून प्रचलित आहे. तो असा : प्रत्येक यंत्र त्याच्या पोटात कोंडलेल्या धुरावर चालते. पुरावा? धूर बाहेर पडला की यंत्र बंद पडते! पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे आपल्या न्यायशास्त्रातील अनुमानाचे प्रसिद्ध उदाहरण. या मंडळींनी कार्यकारणभावच उलटा टांगला. खरे कारण त्यांना पक्के ठाऊक असते. वीजप्रवाह मर्यादेबाहेर वाढला की तार तापते, तिच्यावरचे वार्निश जळते, वेटोळी एकमेकांना भिडतात आणि यंत्र कामातून जाते. तरीही आपल्याच हातून यंत्र जळाले असता हे लोक धुराचा सिद्धांत सांगून हसतात. हे हसणे नीतीच्या दृष्टीने कसे मानावे? जबाबदारी झटकण्याची ती एक रीत आहे की जबाबदारी पेलण्याची?

आमच्या सीमाभागातील रिवाइंडिंगच्या दुकानांतही या विनोदाची भावंडे नांदतात. मोटर जळाली की एकजण म्हणतो, ‘बाईसाहेबांनी विडी पेटवली.’ दुसरा म्हणतो, ‘राम म्हटला.’ शेजारी बसलेला कन्नड सोबती ‘होगे बंतु’, म्हणजे धूर आला, एवढेच म्हणतो आणि सगळे दुकान हसते. त्या हसण्याला दुभाषा लागत नाही.

विनोदाची आवड समर्थांनी दासबोधात टवाळांच्या खाती मांडली आहे. परंतु वायरमन हा टवाळ नव्हे. 230 व्होल्टच्या तारेशी ज्याचा रोजचा व्यवहार, त्याला आपला हात कधीतरी चुकणार याची जाणीव इतरांपेक्षा अधिक असते. ती भीती उराशी धरून बसला तर त्याला काम करता येणार नाही, आणि भीती पार विसरला तर तो जगणार नाही. विनोद त्याला या दोहोंच्या मधल्या वाटेवर ठेवतो.

शिवाय या हसण्याचा एक मोठा उपयोग मी पाहिला आहे. नव्या पोराने चुकीची जोडणी केली, धूर निघाला आणि पोर पांढरेफटक पडले, की जाणता मिस्त्री आधी मेन स्विच बंद करतो आणि मग म्हणतो, ‘चला, आजपासून तू आमच्यातला झालास.’ तेथे शिव्यांचा वर्षाव झाला असता तर पुढच्या खेपेस तेच पोर अर्धवट भाजलेली कॉइल गुपचूप मोटरीत बसवून मोकळे झाले असते. चुकीला हसण्याची जेथे मुभा असते तेथे चूक सांगण्याचे धैर्यही येते.

पण या चित्रात एक तिसरा माणूस असतो, आणि तो हसत नाही. तो मोटरीचा मालक. तीन फेजांपैकी एक गेली आणि मोटर उरलेल्या दोहोंवर चालत राहिली, तर त्या वाइंडिंगवर प्रवाहाचा भार वाढून ती जळते. हे टाळण्यासाठीच प्रिव्हेंटर बसवतात. तो कटकट करतो म्हणून कोणी बाजूला काढून थेट जोडणी केली आणि मोटर जळाली, तर रिवाइंडिंगचे बिल शेतकऱ्याच्या माथी आणि उभा ऊस उन्हात. त्याच्यापुढे विडीचा विनोद करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

येथे आपल्या भाषेचे व्याकरण फार मार्मिक आहे. ‘मोटर जळाली’ आणि ‘मोटर जाळली’ यांत अक्षरे तीच. फक्त काना एका अक्षरावरून दुसऱ्यावर जातो. पहिल्या वाक्यात करणारा कोणी नाही. दुसऱ्यात आहे. कन्नडमध्येही ‘सुट्टु होयितु’ म्हटले की ते आपोआप घडल्यासारखे वाटते. विनोदाची नैतिक कसोटी मला या कान्यात सापडते. ‘मी जाळली’ असे सांगून जो हसतो त्याचे हसणे निर्मळ. ‘जळाली’ म्हणून जो हसतो तो हास्याआड लपतो. आणि धाकट्या हाताकडे बोट दाखवून जो हसतो तो तर विनोदच करीत नाही.

याचे एक थोर उदाहरण अपोलो 13 यानाचे. त्याच्या प्राणवायूच्या एका टाकीतील हीटरचे स्विच 28 व्होल्टसाठी केलेले होते. जमिनीवरील चाचणीत त्यांना 65 व्होल्ट दिले गेले. मार्च 1970 मध्ये टाकी रिकामी करताना हीटर तासन्‌तास चालू राहिला, स्विच वितळून चिकटले आणि आतल्या तारांचे आवरण जळाले. बाहेर धूर दिसला नाही. तापमापक 80 अंश फॅरनहाइटच्या वर दाखवतच नव्हता. एप्रिलमध्ये अवकाशात त्या टाकीचा स्फोट झाला. तिघे अंतराळवीर चांद्रयानाच्या आश्रयाने 17 एप्रिलला सुखरूप परतले. तेव्हा चांद्रयान बनवणाऱ्या ग्रमन कंपनीच्या लोकांनी मुख्य यानाच्या निर्मात्यांना तीन लाख डॉलरांहून अधिक रकमेचे विनोदी बिल पाठवले : तुमचे बंद पडलेले वाहन ओढून आणल्याबद्दल! पण विनोद झाला म्हणून चौकशी थांबली नाही. समिती नेमली गेली आणि जूनमधील तिच्या अहवालात 28 आणि 65 हे आकडे जगापुढे मांडले गेले. माणसे घरी पोचल्यावर हसणे आणि त्याबरोबर हिशेब देणे, हा क्रम मला आदर्श वाटतो.

शाळेच्या प्रयोगशाळेतही व्होल्टमीटरच्या जागी अ‍ॅमीटर जोडला जातो आणि त्याचा काटा कायमचा आडवा होतो. मुले हसतात. त्यांना गप्प करावे असे मला वाटत नाही. नोंदवहीत कोणी, काय आणि कसे हे त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहावे. मग सर्वांनी, शिक्षकांसह, खुशाल हसावे. उपकरण नवे आणता येते. परंतु आपल्या चुकीचे वाक्य कर्त्यासह लिहिण्याची सवय लहानपणी लागली नाही, तर ती पुढे बाजारात कोठेही विकत मिळत नाही.